धाकट्यासाठी जाड कागद

कागद चांगला जाड होता. अंगठा आणि बोट यांच्यात पान धरून तिनं हलकेच चोळून पाहिलं – दोनदा खोडलं तरी फाटायचं नाही – आणि मग काळजात चर्र झालं, कारण आता खोडायचं कुणासाठी? मुलांना घरीच शिकवायचं ठरलं तेव्हापासूनची तिची ही रीत : थोरलीनं पेन्सिलीनं लिहायचं, वर्ष संपलं की आईनं सगळं खोडायचं, आणि तेच पुस्तक धाकट्याच्या पुढ्यात ठेवायचं. धाकटा हिवाळ्यात गेला. तापाचं निमित्त झालं... आणि मी अजून कागद चोळत बसलेय. वेडीच आहे झालं.

घरी शिकवणाऱ्यांसाठी चर्चमागच्या खोलीत विक्रीच्या पुस्तकांची टेबलं मांडली होती. गणित, भाषा पटापट घेऊन झालं. बेरीज काही कुणाच्या जाण्यानं बदलत नाही. अडलं ते पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, अभ्यासाच्या पुस्तकापाशी. तूच बघ, तुला त्यातलं कळतं, असं म्हणून नवऱ्यानं नेहमीसारखं अंग काढून घेतलं होतं. पाळकीणबाई, चर्चच्या धर्मगुरूंच्या पत्नी, मायेनं सांगत होत्या, हाच संच घ्या, सोबत आईसाठी उत्तरांचं वेगळं पुस्तक आहे, डोक्याला ताप नाही.

तिनं ते उत्तरांचं पुस्तक उघडलं. देव आपली प्रार्थना ऐकतो का? होय, नेहमी. किती सुबक छापलं होतं मेल्यांनी! दवाखान्यात नवरा, ती आणि थोरली, तिघंही धाकट्यासाठी गुडघे टेकून होती – थोरलीचे गुडघे सोलवटले तरी ती उठली नव्हती. आणि पुढं महिन्याभरानं त्याच पोरीनं असल्याच एका प्रश्नाखाली ‘होय’ लिहिलं, तेव्हा आईनं मुकाट्यानं बरोबरची खूण केली. तिचा विश्वास तरी शाबूत राहू दे, माझं काय व्हायचं ते होवो... पण आता आणखी एक वर्ष? शिकवायचं तर रोज सकाळी पोरीच्या डोळ्यांत बघून खोटं बोलायचं. नाही शिकवायचं तर तिच्या पायाखालची जमीन आपल्याच हातानं काढून घ्यायची.

थोरली शेजारी येऊन उभी राहिलेली तिला कळलंही नाही. पोरीनं त्या प्रश्नावर बोट ठेवलं.

“आई, याचं उत्तर तुला खरंच येतं?”

उत्तर समोर छापलेलं होतं. वाचून दाखवलं की झालं.

“नाही,” ती म्हणाली.

पोरगी दचकली नाही, रडलीही नाही. “मलापण नाही,” ती हळूच म्हणाली. “तुला बरं वाटावं म्हणून लिहीत होते.”

म्हणजे इतके महिने... एका टेबलाशी समोरासमोर बसून आम्ही एकमेकींना सांभाळत होतो, आणि दोघीही एकट्याच? तिला भयंकर वाईट वाटलं – आणि त्या वाईट वाटण्यातच, लाज वाटावी इतकं, हायसंही वाटलं. पाळकीणबाई पिशवीचं तोंड उघडून विचारत होत्या, घेताय ना मग? ती पोरीकडे बघत राहिली. हिला आपण हिवाळ्यानंतर आजच पहिल्यांदा नीट पाहतोय, असं तिला वाटलं.