चार बोटं खाली

मे महिन्याच्या सुरुवातीला राजेश परबनं गाडीला दोन जादा दिवे बसवून घेतले. तसा तो गाडीवर उगाच काही करत बसणारा माणूस नव्हता. लालबागला राहायचा, चेंबूरपलीकडच्या एका रंगाच्या कारखान्यात माल तपासायच्या कामाला होता आणि संध्याकाळी वडाळ्याच्या मिठागरांकडच्या रस्त्यानं घरी यायचा. त्या रस्त्याच्या एका पट्ट्यात उजेड जवळजवळ नाहीच. एप्रिलमध्ये तिथं एक सायकलवाला अचानक बंपरपुढे उगवला. ब्रेक लागला, हातभर अंतरावर गाडी थांबली, सायकलवाला मागे न बघता निघूनही गेला. आपला उजेड कमी पडतो, हे त्यानं त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं.

आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून तो परळला दौलतकडे गेला. दौलत गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचा आणि बेताचंच बोलायचा. त्याचं म्हणणं पडलं की पिवळे दिवे घ्या, बंपरच्या खालच्या अंगाला बसवा, रस्ताही दिसेल आणि समोरच्याला त्रासही होणार नाही. राजेशला पांढरे हवे होते, लांबवर जाणारे, पुढच्या जाळीच्या वर. शेवटी गिऱ्हाइकाच्या मनासारखं झालं. दौलतनं वेगळी वायर ओढली आणि स्टिअरिंगच्या बाजूला स्वतंत्र बटण दिलं. समोरून कोणी आलं की हे बंद करायचे, एवढं त्यानं बजावलं. शिवाय अंधार पडल्यावर एकदा गाडी घेऊन या, भिंतीवर उजेड पाडून दिव्यांचा कल नीट बसवून देतो, असंही सांगितलं. राजेश हो म्हणाला. पण त्या संध्याकाळी गिरगावात सासुरवाडीला जायचं होतं, दुसऱ्या दिवसापासून कामाची गडबड, आणि ते राहूनच गेलं.

दिवे मात्र झकास होते. कुंपणाच्या तारा, कडेचं वाळलेलं गवत, पार पुढच्या वळणावर बसलेली कुत्री, सगळं लख्ख दिसायचं. पहिले दोन दिवस समोर कोणी आलं की तो आठवणीनं बटण दाबायचा. मग कंटाळला. समोरचे डिप्पर मारत, एखादा खिडकीतून शिवी घालून जाई. एकदा त्याची बायको आकांक्षा शेजारी बसली होती. समोरची माणसं डोळ्यांवर हात घेताहेत, असं तिनं दाखवून दिलं. त्यावर, आपल्याला नीट दिसतंय म्हणूनच तर ती सुखरूप जाताहेत, असं त्यानं तिला समजावलं होतं.

एका बुधवारी रात्री आठच्या सुमाराला तो त्याच पट्ट्यात होता. समोरून एक स्कूटर येत होती. मागे मोठा गठ्ठा बांधलेला. स्कूटरवाल्यानं डावा हात चेहऱ्यासमोर धरला, स्कूटर डुगडुगली आणि बाजूनं मागे गेली. कुठं धक्का लागला नाही, आवाजही झाला नाही. पण आरशात राजेशला तिचा लाल दिवा आडवा होताना दिसला.

पन्नासएक पावलं गाडी तशीच पुढे गेली. मग तो थांबला आणि वळून परत आला. दार उघडायच्या आधी त्यानं बटण दाबून ते दोन दिवे बंद केले. आपण हे का केलं, हे त्याला करतानाच कळत होतं.

माणूस साठीच्या आसपासचा होता. खडीत बसला होता, उजवं मनगट विचित्र वाकलं होतं. गठ्ठा सुटून शाळेच्या गणवेशाचं निळं कापड रस्त्यावर पसरलं होतं. राजेशनं त्याला आधार देऊन गाडीत बसवलं, कापड गोळा करून मागच्या सीटवर टाकलं, स्कूटर कडेला लावली.

"समोरून कोणीतरी दिवे मारले," तो माणूस म्हणाला. "डोळ्यांपुढे नुसतं पांढरं झालं. गेला निघून. तुम्ही थांबलात म्हणून बरं."

राजेशनं गाडी सुरू केली.

परळच्या इस्पितळात कळलं की त्यांचं नाव आनंदा मसुरकर, परळच्याच एका शिंप्याच्या दुकानात ते कटिंग मास्टर आहेत. डॉक्टरांनी कसं पडलात विचारलं, तेव्हा त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. राजेश त्यांचं हेल्मेट हातात धरून शेजारी उभा होता. मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, दीड महिना प्लास्टर. त्यांची बायको मीराबाई धावतपळत आल्या आणि त्यांनी राजेशला हात जोडले. आजकाल कोण थांबतं, असं त्या नर्सला, वॉर्डबॉयला, बाकावरच्या अनोळखी बाईलाही सांगत राहिल्या.

घरी आल्यावर त्यानं आकांक्षाला सगळं सांगितलं. तिनं त्याला बोल लावला नाही. त्यांना ठाऊक आहे का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर ती ताट वाढायला उठली. पुढचे तीन दिवस रोज आनंदाकाकांचा फोन यायचा, दुखणं कसं आहे ते सांगायला आणि पुन्हा आभार मानायला. राजेश ते दोन दिवे न लावता त्या रस्त्यानं यायचा.

रविवारी संध्याकाळी तो वडाळ्याला त्यांच्या घरी गेला. शेजारची दोन माणसं त्याला बघायला म्हणून आधीच येऊन बसली होती. मीराबाईंनी कोकमाचं सरबत दिलं. काका म्हणाले की हा जूनच्या आधीचा महिना म्हणजे गणवेशांचा हंगाम, नेमका आत्ताच हात गेला. दुकानात एक नवा कारागीर घेतलाय, पण तो कापड वाया घालवतो. शेजारी उठून जाईपर्यंत राजेशनं सरबताला तोंड लावलं नाही.

"काका, ते दिवे माझ्या गाडीचे होते," तो म्हणाला. "मी परत आलो, पण उतरायच्या आधी ते बंद केले. तुम्हाला दिसू नयेत म्हणून."

काका त्याच्याकडे बघत राहिले. मीराबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या, त्या आत निघून गेल्या. पोलिसांत द्यायचं असेल तर मी येतो, लिहून देतो, असं राजेशनं सांगितलं. काका म्हणाले,

"चार दिवस मी सगळ्यांना सांगत सुटलोय, की अजून माणसं थांबतात. आता त्यांना काय सांगू?"

काका उठले, डाव्या हातानं चपला सरकवल्या. गाडी कुठं आहे, विचारलं.

खाली इमारतीच्या आवारात अंधारून आलं होतं. काकांनी त्याला गाडी भिंतीपासून वीसेक पावलांवर लावायला सांगितली आणि स्वतः भिंतीला पाठ लावून, स्कूटरवर बसल्यासारखे जरा गुडघ्यांत वाकून उभे राहिले. मग लावा म्हणाले. राजेशनं बटण दाबलं. आतून त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं: काकांचं पांढरं प्लास्टर, शर्टाचं वरचं बटण, आणि घट्ट मिटलेले डोळे.

"आता तुम्ही इथं या," काका म्हणाले.

राजेश जाऊन त्यांच्या जागी उभा राहिला. काही सेकंदच राहू शकला. नंतर बराच वेळ त्याला जमीनही नीट दिसेना. तोवर काकांनी खिशातून शिंप्याचा खडू काढून डाव्या हातानं भिंतीवर, स्कूटरवाल्याच्या डोळ्यांच्या उंचीला, एक वाकडीतिकडी रेघ मारली होती. उजेडाच्या वरच्या कडेपासून त्यांनी नजरेनं अंतर मोजलं.

"उजेड किमान चार बोटं खाली पाहिजे," ते म्हणाले. "आणि तेही समोर कोणी नसेल तेव्हा."

दुसऱ्या दिवशी राजेश दौलतकडे गेला. चार बोटांचं त्यानं सांगितलं, पण दिवे ठेवायची इच्छाच उरली नव्हती. दौलतनं ते काढले आणि पिवळे, खाली बसणारे लावले. या वेळी राजेश अंधार पडेपर्यंत थांबला आणि दौलतनं भिंतीवर उजेड पाडून कल बसवला, ते सगळं त्यानं शेजारी उभं राहून बघितलं.

मग त्यानं काकांना फोन करून विचारलं, की कापायला हात नाही, पण खुणा करायला, नव्या माणसाला सांगायला तुम्ही दुकानात उभे राहाल का? मी सकाळी कामावर जायच्या आधी घेऊन जातो, संध्याकाळी परत आणतो. काका विचार करून सांगतो म्हणाले. दोन दिवसांनी त्यांनी फक्त वेळ कळवली.

पहिले काही दिवस ते गाडीत बोलत नसत. वडाळ्याला बसायचे, परळला उतरायचे. मीराबाई खाली सोडायला यायच्या, पण राजेशशी बोलत नसत, आणि पुढेही कधी मोकळेपणानं बोलल्या नाहीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी राजेश त्यांना परत आणत होता. काका थकले होते, पण खुशीत होते. नव्या माणसानं त्या दिवशी पहिल्यांदा चाळीस सदरे एकाच मांडणीत कापले होते, तुकडा वाया न घालवता. हे ते रस्ताभर सांगत होते. इमारतीपाशी उतरल्यावर त्यांनी खिडकीतून डोकं आत घातलं.

"उद्या आठ वाजता नको," ते म्हणाले. "साडेसातला ये. मोठ्या शाळेचा माल आहे."