तेरा तारखेच्या मेणबत्त्या

मुखरूने धोतर झटकलं तेव्हा ते कापडासारखं वाजलं नाही, पत्र्यासारखं वाजलं.

सहा पांढऱ्या मेणबत्त्या. एक पाकीट. सिंदेवाहीच्या बाजारातून.

मोहर्लीला गेलं की वाघ दिसतोच असं नाही.

अंगठीपर्यंत बोट चाटणारा माणूस.

पोराचं नाव, श्रावण.

*

धोतर सुनेने, इंदूने, सकाळी धुऊन मागच्या तारेवर घातलं होतं. दुपारपर्यंत कारखान्याची धूळ त्यावर बसली, ओल्या सुतात मुरली आणि वाळता वाळता घट्ट झाली. मुखरूने नखाने खरवडलं. राखाडी पापुद्रा निघाला. काल रात्री एस्टीतून उतरल्यापासून त्याच्या तोंडातही हीच चव होती. तो थुंकत होता आणि थुंकीही राखाडी पडत होती.

"मामाजी, इथी सगळ्याईचंच असं होते," इंदू दारातून म्हणाली. "कपडे आतच वाळवा लागते."

"अन् मानसं?"

"मानसं ड्युटीवरूनच वाळून येते."

मुखरू हसला, आणि हसताना दातांत कचकच लागली.

सिमेंट कंपनीची ही कॉलनी गडचांदूरच्या पलीकडे होती. श्रावण, त्याचा एकुलता एक मुलगा, इथे सहा वर्षांपासून इंजिनियर. मार्चमध्येच त्याचं पत्र आलं होतं. दुसरा शनिवार, रविवार, आणि सोमवारी चौदा एप्रिल. यंदा, म्हणजे १९८६ साली, युनियनने चौदाची सुटी मिळवली आहे. तीन दिवस सलग मोकळे आहेत, माझा वाढदिवस करू, तू ये.

मुखरूने ते पत्र मोहल्ल्यात दोघांकडून वाचून घेतलं आणि तीन दिवसांची वाटणी स्वतःच करून टाकली. दोन दिवस पोराकडे, तिसरा दिवस पोराला घेऊन आपल्या गावी, मोहबोडीत. चौदाला श्रावणचा वाढदिवस आणि चौदालाच बाबासाहेबांची जयंती, हे मोहल्ल्यात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. एकोणतीस वर्षं चौकातला निळा झेंडा मुखरूने चढवला होता. यंदा त्याने बैठकीत उभं राहून सांगितलं, "यंदा झेंडा माहा पोरगा लावन. इंजिनेर हाय." शेजारच्या डोमाने झेंड्याच्या काठीला नवी दोरी ओवून ठेवली होती.

*

शनिवार, संध्याकाळ. श्रावण बनियनवर, पंख्याखाली.

"सोमवारी पहाटंच्या गाडीनं निघू," मुखरू म्हणाला. "दुपारी मिरवणूक हाय."

"बा, वाढदिवस आपण उद्या करून राह्यलो. तेराले."

"काऊन? तुहा तं चौदाले हाय."

"चौदाले साहेबासंगं मोहर्लीले जा लागते. जीप ठरली. जंगल पाहाले."

"जंगल पाहाले?"

मुखरूचं अर्धं आयुष्य जंगलाच्या कडेला धान राखण्यात गेलं होतं. डुकरं हाकलताना एकदा त्याची मांडी फाटली होती. जीपमधून ते काय पाहायचं, हे त्याला विचारायचं होतं. त्याने दुसरंच विचारलं.

"अन् झेंडा? म्या शब्द देल्ला हाय बैठकीत."

"पाहू ना." श्रावण पंख्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "चौदा सांगतली का लोकं लगेच समजते, बा."

"काय समजते?"

श्रावण उठून पाणी प्यायला गेला. माठ भरलेला होता, तरी त्याला बराच वेळ लागला.

*

मुखरूची कॉट आतल्या खोलीत. कॉटच्या मागे भिंतीला टेकून एक चौकट, टॉवेलात गुंडाळलेली.

"बाहेर धूळ लय बसते मामाजी," इंदूने न विचारताच सांगितलं होतं. ती खोलीतून चटकन गेली.

मुखरूने टॉवेल सोडला. कोट, चष्मा, रुंद कपाळ. काच पुसायला त्याने धोतराचा सोगा लावला, तर तो काचेवर करकरला. ओरखडा उठेल म्हणून त्याने हात थांबवला आणि तळव्यानेच पुसलं.

*

रविवारी दुपारी चंद्रपूरहून केक आला. कंपनीच्या जीपमध्ये, बर्फाच्या लादीवर. बर्फ वाटेतच संपला होता. खोका उघडला तेव्हा वरचं पांढरं एका कडेला ओघळून पुठ्ठ्याला चिकटलं होतं, आणि त्यातून उन्हात राहिलेल्या डालड्याचा वास येत होता. श्रावणने चमच्याने ते पुन्हा वर चढवलं, लिंपलं, चमचा चाटला आणि तोच चमचा परत फिरवला. मुखरू दारात उभा होता. त्याने तोंड फिरवलं.

थोड्या वेळाने इंदू आली. "मामाजी, मेणबत्त्या आणल्या ना तुमी? द्या ना. वेळेवर इथी भेटून नाई राह्यल्या."

मुखरूला एकदम हलकं वाटलं. म्हणजे बुद्धवंदना होणार. पाहुण्यांच्या आधी का होईना, पण होणार. त्याने पिशवीतून पाकीट काढलं, दोन्ही हातांनी तिला दिलं. पाय धुतले. पांढरा सदरा घातला, गळ्याचं बटण लावलं. चौकट कॉटवर सरळ उभी केली, मागे उशी लावली. मग खाली मांडी घालून बसला आणि बोलावण्याची वाट पाहू लागला. बाहेर खुर्च्या सरकल्या, चपला वाजल्या, बायका हसल्या.

"बाबा, या ना बाहेर!"

घरात बा. पाहुण्यांत बाबा.

*

सहाही मेणबत्त्या केकमध्ये होत्या.

अर्ध्यावर कापलेल्या. एक तिरपी. वितळलेलं मेण पांढऱ्यात मिसळत होतं, आणि कुठे काय आहे ते कळत नव्हतं.

सोफ्यावर श्रावणचे साहेब, शेजारी त्यांची बायको. खिडकीशी टाइम ऑफिसातला क्लार्क नानाजी, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, मधूनमधून खिडकीबाहेर पिंक टाकणारा. आणखी तीन-चार जोडपी. कूलरमधून कुजट ओला वारा येत होता.

"चला, फुंका!" कुणीतरी म्हणालं.

मुखरूच्या घरात मेणबत्ती कुणी कधी फुंकली नव्हती. ती आपोआप संपायची. वारा आला तर हाताचा आडोसा धरायचा. विझवायचीच असली तर बोट ओलं करून चिमटीत.

श्रावणने गाल फुगवले. एका दमात चारच विझल्या, म्हणून त्याने पुन्हा फुंकलं. उजेडात त्याच्या थुंकीचे बारीक थेंब मुखरूला स्वच्छ दिसले. ते केकवर पडले, आणि तिथेच सुरी बसली. टाळ्या. साहेबांनी एक तुकडा उचलून श्रावणच्या तोंडात कोंबला, उरलेलं त्याच्या हनुवटीला फासलं. सगळे खदखदून हसले, श्रावणही, तोंड भरलेलं असताना. मग साहेबांनी आपलं बोट तोंडात घातलं, अंगठीपर्यंत, आणि बाहेर काढून पाहिलं.

मुखरूच्या हातात बशी आली. त्याच्या तुकड्यावर मेणाचा एक गोल थेंब होता. शेजारी एक माशी पांढऱ्यात पाय रोवून धडपडत होती.

"श्रावणभाऊ," नानाजीने खर्रा दुसऱ्या गालात घेतला, "नाव श्रावण अन् वाढदिवस उन्हाळ्यात? कोन्या कालनिर्णयात पाहून काढला?"

हशा.

"अरे खरंच की," साहेब म्हणाले. "श्रावण म्हणजे ऑगस्ट!"

"अन् आमच्या कार्डावर तं चौदा हाय, सर. आज तेरा."

हशा थांबला.

"चौदा एप्रिल?" साहेबांनी बशी खाली ठेवली. "अच्छा. तुमच्यात बऱ्याच जणांची तीच असते, नाही का?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. कुठल्या गावचे आंबे कसे लागतात हे सांगावं तसं ते म्हणाले. त्यांची बायको पडद्याच्या कापडाकडे पाहू लागली.

"नाही, तसं नाही सर," श्रावण घाईने म्हणाला. ही त्याची दुसरी भाषा, ऑफिसातली. "गुरुजींनी मनानेच टाकली असणार. खेड्यातले मास्तर, त्यांना काय. बाबांना विचारा ना. बाबा, सांगा."

सगळे मुखरूकडे वळले.

श्रावणच्या हनुवटीवरचं पांढरं थरथरत होतं. पुसायचं त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आतल्या दारात इंदू, हातात पाण्याचा ट्रे, तशीच उभी. तिच्या मागे, उघड्या दारातून, कॉटवरची चौकट दिसत होती. मुखरू जिथे उभा होता तिथूनच फक्त दिसत होती.

"श्रावनातलाच हाय, साहेब," मुखरू म्हणाला. "धानाचं रोवनं चालू होतं. तारीख... गुरुजीनं लिवली असन. आमी अडानी मानसं. मले तारीख-वारीख काई समजत नाई."

खोलीत पुन्हा हवा खेळल्यासारखं झालं. नानाजी म्हणाला, "पाहा, मले वाटलंच." साहेब उठले, मुखरूच्या खांद्यावर थोपटलं, "बाबा, साधे आहात हो तुम्ही." सदऱ्यावर चार बोटांचा तेलकट डाग उमटला.

मुखरूने बशीतला तुकडा खाल्ला. माशी चिमटीने बाजूला केली आणि सगळा खाल्ला, मेणासकट. मेण दाढेला चिकटलं.

पाहुणे गेल्यावर तो मोरीत जाऊन ओकला. चूळ भरली, पुन्हा भरली. सातव्यांदा भरताना त्याला कळलं की तोंडात आता केकची चव नाही, धुळीचीही नाही.

इंदू मागे येऊन उभी राहिली. "मामाजी, मेणबत्त्या केकसाठी मागून राह्यली असं सांगाले पायजे होतं तुमाले."

"तू काऊन रडतं? तू कोठी काय बोलली."

त्याने केकच्या पुठ्ठ्यावरून मेणबत्त्यांचे तुकडे वेचले. नळाखाली धुतले. डालडा पाण्याने जात नव्हता, बोटांवर नुसता पसरत होता. राखेने घासले तेव्हा गेला.

*

सोमवार, पहाट. श्रावण त्याला एस्टीच्या थांब्यापर्यंत सोडायला आला, पिकनिकचा पँट-शर्ट घालून. पिशवी त्याने घेतली होती. पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली चौकट होती. काय जड आहे असं श्रावणने विचारलं नाही.

"राग नको धरू, बा."

"नाई."

"गावात सांगजो, साहेबाचं काम निघालं म्हनून."

"सांगतो." मुखरूने पिशवी त्याच्या हातून घेतली. "एक खोटं काल सांगतलंच. आज आनखी एक."

गाडी आली. मुखरू चढला, खिडकीपाशी बसला. पिशवी मांडीवर उभी धरली. श्रावण खिडकीखाली आला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचा गोंधळ होता. इतक्या वर्षांत मुखरूने त्याला ती गोष्ट सांगितली नव्हती. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

"काल कोनतं खोटं सांगतलं, बा?"

कंडक्टरने दोरी ओढली.

*

१९५८ सालच्या जूनमध्ये मोहबोडीच्या शाळेच्या ओट्यावर गुरुजींनी पोराची जन्मतारीख विचारली, तेव्हा मुखरूला एकच तारीख पाठ होती. ती त्याने सांगितली.