दुभाष्याची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. हसू नका! खुर्चीला काय मेलं आयुष्य, असंच तुम्हाला वाटलं ना? चार पाय असून कुठे गेली नाही, दोन हात असून कधी काही उचललं नाही, हे मला मान्य आहे. पण मी एकदा अख्खं न्यायालय थांबवलं आहे. न्यायाधीश, वकील, पोलीस, बेड्या घातलेले कैदी, सगळे एका जागी गप्प बसले होते, आणि तेही माझ्यामुळे. त्या दिवसाची आठवण झाली की अजूनही माझे सांधे करकरतात.

माझा जन्म न्यायालयाच्या मागच्या आवारात झाला. एका सुताराने एकाच ओंडक्यातून दोन खुर्च्या केल्या. पहिली न्यायाधीशांची, दुसरी मी. त्यामुळे न्यायाधीशांची खुर्ची ही माझी थोरली बहीण. तिला मखमलीची गादी मिळाली आणि मला वेताची बैठक, पण उंची मात्र दोघींची सारखी. सुतार पुन्हापुन्हा पट्टी लावून पाहत होता. कारकुनाने त्याला हटकलं, तेव्हा तो म्हणाला, "अहो, कायद्यातच लिहिलंय म्हणे. दोन्ही खुर्च्या सारख्याच हव्यात. मला काय, मी लाकूड कापणारा माणूस."

तो कायदा कोणता, ते आधी सांगते. आमच्या देशात भाषा पुष्कळ. एक डोंगर ओलांडला की बोली बदलते, नदी ओलांडली की पुन्हा बदलते. सरकारची भाषा मात्र एकच. पूर्वी लोक सरकारी कचेरीत यायचे, समोरचा साहेब काय म्हणतो ते न कळताच मान हलवायचे, आणि घरी गेल्यावर शेजाऱ्याला विचारायचे, "बाबा रे, मी कशाला हो म्हणून आलो?" कोणाचं शेत जायचं, कोणी विनाकारण तुरुंगात जायचं. मग मोठ्या सभागृहात पुष्कळ वाद झाला आणि कायदा आला. सरकारचं काम सरकारच्या भाषेत चालेल. पण सरकारपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला स्वतःच्या भाषेत बोलण्याचा हक्क राहील. त्याने दुभाष्या मागितला, तर दुभाष्या जागेवर बसेपर्यंत काम तसूभरही पुढे जाणार नाही. आणि दुभाष्याची खुर्ची न्यायाधीशांच्या खुर्चीइतकीच उंच असेल. एवढ्या मोठ्या सरकारने स्वतःच्याच पायात असा खोडा घालून घ्यावा, याचं मला आजही नवल वाटतं.

पण शहाण्यांच्या हातूनसुद्धा गंमत होते. दुभाष्या मागावा, असं कायद्याने सांगितलं. पण मागायचा कोणत्या भाषेत? ज्याला भाषाच येत नाही तो तोंड उघडून सांगणार काय? आमच्या पहिल्या न्यायाधीशांनी यावर तोड काढली. ते म्हणाले, "तोंडाने मागायची गरजच नाही. ज्याला दुभाष्या हवा, त्याने येऊन या खुर्चीच्या हातावर आपला हात ठेवावा." बस्स. तेव्हापासून तीच रीत पडली.

किती हात आले माझ्यावर! चिखलाचे, पिठाचे, शाईचे, घामाने ओले झालेले. हात टेकला की न्यायाधीश लेखणी खाली ठेवत. वकील बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडून बसत. शिपाई दाराशी जाऊन दुभाष्याच्या नावाचा पुकारा करी. एका अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसाचा तळवा, आणि त्यापुढे सगळं सरकार उभं! माझ्या उजव्या हातावरचं पॉलिश निघून गेलं, तिथे लाकूड गुळगुळीत होऊन तळव्याच्या आकाराचा एक खोलगट डाग पडला. सुतार एकदा तो घासून नवा करायला आला होता, पण दुभाषीकाकांनी त्याला हातसुद्धा लावू दिला नाही.

दुभाषीकाका म्हणजे माझ्यावर बसणारे गृहस्थ. उंच, सडपातळ, मिशा झुबकेदार. त्यांना आसपासच्या सगळ्या भाषा येत. त्यांच्या कामाचा एक कडक नियम होता. समोरचा माणूस जे बोलेल, ते त्यांनी 'मी' म्हणूनच सांगायचं. 'हा असं म्हणतो', 'ती तसं म्हणते' असं अंतर राखायचं नाही. त्यामुळे काका कधी विधवा होत, कधी मेंढपाळ, कधी सासूला कंटाळलेली सून. एकदा एक नवा पोलीस कामावर आला. आरोपी आपल्या भाषेत काहीतरी बोलला आणि काका खणखणीत आवाजात म्हणाले, "होय, कोंबड्या मीच चोरल्या." झालं! नव्या पोलिसाने झडप घालून काकांचीच मानगूट धरली. खरा चोरसुद्धा पोट धरून हसला. काका मात्र शर्ट नीट करून पुन्हा माझ्यावर बसले आणि म्हणाले, "पुढे बोल बाबा, मी ऐकतोय."

मग दिवस पालटले. रस्ते झाले, शाळा झाल्या, बाजार वाढला. सरकारची भाषा सगळ्यांच्या कानावर पडू लागली. लोक मोडकंतोडकं बोलू लागले. हात टेकवणारे कमी होत गेले. काका निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी कोणाला नेमायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही. "सगळ्यांना समजतं आता," असं सगळेच म्हणत. कायदा कोणी मोडला नाही. तो नुसता विसरला गेला. आणि मी? असून अडचण, नसून खोळंबा. कारकुनाने आधी माझ्यावर छत्री ठेवली, मग फायली ठेवल्या, मग फायलींवर फायली. एकेकाळी जिच्यापुढे न्यायालय थांबे, तिची पार अडगळ झाली. थोरली बहीण समोरून बघत राही, पण ती तरी काय करणार? मला फार वाईट वाटे, मित्रांनो. खोटं कशाला बोलू?

अशातच एके सकाळी मधवाली आजी न्यायालयात आली. डोंगरातून मध आणून बाजारात विकणारी ही म्हातारी. तिची मुलगी नातीला घेऊन कामासाठी शहरात आली होती. ती आजारी पडून सरकारी दवाखान्यात वारली. छोट्या नातीला बालगृहात ठेवलं गेलं. मधाचा हंगाम सरला की आजी शहरात उतरत नसे, त्यामुळे डोंगरावर ही बातमी पोहोचायलाच फार दिवस लागले. आता आजी नातीला घरी न्यायला आली होती. पण न्यायालयाचा हुकूम होईपर्यंत तिला नातीला भेटूही देत नव्हते. आणि बालगृहाच्या बाईंचं म्हणणं निराळंच होतं.

त्या बाई वाईट नव्हत्या हं. चांगल्या मायाळू होत्या. त्या न्यायाधीशबाईंना म्हणाल्या, "बाईसाहेब, मुलगी मुकी आहे. आल्यापासून एक शब्द बोलली नाही. इथे राहून तिचं नुकसान होईल. राजधानीत अशा मुलांची मोठी संस्था आहे, तिथे पाठवायची परवानगी द्या. डोंगरावर हिचं कोण बघणार?"

राजधानी म्हणजे आगगाडीने जायचं, तेही रात्र काढून. तिथे गेलेली नात आजीला पुन्हा कधी दिसली असती, देव जाणे.

न्यायाधीशबाई नव्याने बदलून आल्या होत्या. त्यांनी आजीला विचारलं, "तुम्हाला सरकारी भाषा येते का?"

आजीच्या आधी बालगृहाच्या बाईच म्हणाल्या, "येते की! मीच मध घेते ना त्यांच्याकडून. चांगल्या बोलतात."

खरंच येत होती. पण कोणती? बाजारातली. 'घ्या ताई, ताजा आहे', 'नाही परवडत', 'उद्या या' एवढीच. न्यायाधीशबाई विचारत गेल्या आणि आजी त्याच चार शब्दांत उत्तरं देत गेली.

"मुलगी बोलत नाही, हे खरं आहे?"

"नाही. बोलते. चांगली आहे."

"तिला सांभाळू शकाल?"

"होईल. न्यायची आहे. द्या."

ऐकणाऱ्याला वाटावं, म्हातारी नात नाही, घागर मागायला आली आहे. एक वकील तर गालातल्या गालात हसला. न्यायाधीशबाईंच्या कपाळाला आठी पडली आणि त्यांनी लेखणी उचलली. मी फायलींखाली गुदमरून ओरडत होते, 'आजी, हात ठेव! इकडे ये, हात ठेव!' पण खुर्चीचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

आजीने लेखणीकडे पाहिलं. मग तिची नजर खोलीभर फिरू लागली, जणू ती कोणी सांगून ठेवलेली वस्तू शोधत होती. तिला मी दिसले. ती तडक माझ्याकडे आली, फायलींच्या खाली हात घातला आणि चाचपत चाचपत तो गुळगुळीत डाग शोधून काढला. धाडकन सगळ्या फायली जमिनीवर!

"अहो आजी, काय करताय काय!" कारकून धावला. "सोडा ती खुर्ची!"

"बापाने सांगितलंय," आजी म्हणाली. "हात ठेव. मग ऐकतात."

तिने हात काढला नाही. किती दिवसांनी माणसाचा तळवा लागला होता मला! कामाने खरबरीत झालेला, थंडगार पडलेला. न्यायाधीशबाई जागेवरून अर्धवट उठून त्या हाताकडे आणि त्याखालच्या डागाकडे बघत राहिल्या.

"ही दुभाष्याची खुर्ची ना?" त्यांनी विचारलं.

"होती, बाईसाहेब," कारकून खाली बसून फायली गोळा करत म्हणाला. "आता कोणी लागत नाही. सगळ्यांना समजतं."

"समजतं हो. पण मनातलं बोलता येतं का?" त्यांनी लेखणी खाली ठेवली. "कायदा अजून आहे. दुभाष्या येईपर्यंत काम थांबवा."

आणि थांबलं! हसणारा वकील गप्प झाला. पुढच्या खटल्यांची माणसं बाकांवर बसून राहिली. बाहेर गाडीतून मोठे साहेब आले होते, त्यांनाही सांगितलं की थांबा. फक्त पंख्याचा आवाज येत होता. मी कित्येक वर्षं त्या खोलीत आहे, पण अशी शांतता मी पाहिली नव्हती. कोणी म्हातारीला घाई केली नाही. एका हातासाठी सगळे थांबले होते, आणि त्या थांबण्यात काहीतरी फार मोठं होतं. माझ्यासारख्या लाकडालाही ते कळलं.

दुपार कलताना शिपाई एका वाकलेल्या म्हाताऱ्याचा हात धरून आला. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण ते पाऊल मी ओळखलं. दुभाषीकाका! त्यांनी काठी टेकून मला न्याहाळलं, रुमालाने धूळ झटकली आणि हळूच बसले. तेच वजन, थोडं हलकं झालेलं. मी करकरले. "हो गं बाई, मीच," असं काहीतरी ते पुटपुटले. मग त्यांनी शपथ घेतली.

आजी बोलू लागली. आणि मित्रांनो, काय बोलली! आवाज चढला, उतरला, मध्येच हसला, मध्येच भरून आला. भाषा कोणालाच कळत नव्हती, तरी सगळे कान देऊन ऐकत होते. ती थांबल्यावर काका म्हणाले, "मी तिची आजी आहे."

एवढा मिशाळ म्हातारा 'मी आजी आहे' म्हणाला, पण हसलं कोणी नाही.

"माझी मुलगी शेताला जायची, तेव्हा मी या पोरीला मांडीवर घेऊन बोलायला शिकवलं. ती शेळ्यांशी बोलते. मधमाश्यांना रागावते. झोपेतसुद्धा गप्प नसते. ती मुकी नाही. तुमच्या घरात तिच्याशी बोलणारं कोणी नाही, म्हणून ती गप्प आहे. माझी मुलगी मी गमावली, तेव्हा तिच्या उशाशी नव्हते. आता हिच्यापाशी तरी मला असू द्या."

न्यायाधीशबाईंनी मुलीला बोलावून घेतलं. बालगृह जवळच होतं, तिथल्या बाईच तिला आणायला गेल्या. ती आली बाईंचं बोट धरून, नवा फ्रॉक, केस नीट विंचरलेले, चेहरा मात्र बंद दारासारखा. दारातून आत आल्यावर तिने आजीला पाहिलं. ती धावत सुटेल असं मला वाटलं. पण ती जागच्या जागी उभी राहिली. स्वप्नात आपण हलायला घाबरतो ना, तशी.

आजीचा हात अजून माझ्या हातावरच होता. मुलीने तो पाहिला. मग ती एकेक पाऊल टाकत आली आणि आपला छोटा हात आजीच्या हाताशेजारी ठेवला. काकांनी वाकून तिच्या भाषेत काहीतरी विचारलं.

ती बोलली! आधी कुजबुजत, मग धबाधबा. काका ऐकत राहिले. न्यायाधीशबाईंनी हळूच विचारलं, "काय म्हणते ती?" नियमाप्रमाणे काकांना 'मी' म्हणायचं होतं.

"मी रोज बोलत होते," काका म्हणाले. "सगळ्यांना विचारत होते, आई कुठे आहे. कोणीच उत्तर देईना. मग मला वाटलं, माझा आवाजच गेलाय. तो फक्त मलाच ऐकू येतो. म्हणून मी बंद केलं."

बालगृहाच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "सुरुवातीला ती काहीतरी पुटपुटायची. आम्हाला वाटलं, रडतेय."

हुकूम त्याच संध्याकाळी झाला. नात आजीबरोबर घरी गेली. जिन्यावरून उतरताना दोघींची बडबड किती तरी वेळ ऐकू येत होती, आणि कारकूनसुद्धा फायली हातात धरून ती ऐकत उभा होता. आता माझ्यावर एक तरुण दुभाषी बसते. ती काकांकडे शिकायला जाते.

मित्रांनो, मला पॉलिश नको, मखमल नको. एवढंच मागते, की मी रिकामी दिसले म्हणून माझ्यावर ओझी ठेवू नका. माझी जागा वाया गेलेली नाही. ती कोणासाठी तरी राखलेली आहे. आणि तुमच्या वर्गात एखादं नवं मूल गप्प बसलेलं असेल, तर ते मुकं आहे असं ठरवू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि त्याच्या भाषेतला एक तरी शब्द त्याला विचारा. कदाचित ते रोज बोलत असेल, आणि त्याला वाटत असेल की आपला आवाज फक्त आपल्यालाच ऐकू येतो.