घासलेली झांज

तेव्हा मॉन्ट्रियलमध्ये गेतां तिव्हिएर्जचं संगीत ऐकायला येणाऱ्या सगळ्यांना आम्ही नावानिशी ओळखत असू. गेतां ड्रम वाजवायचा, रचनाही त्याच्याच. जॅझ म्हणून सुरू झालेलं काहीतरी बघता बघता कारखान्यात शिरायचं. पत्रे, साखळ्या, सगळ्यांनाच तोंड फुटायचं. मी क्लॅरिनेट वाजवायची, म्हणजे निम्मा वेळ त्यातून नुसती हवा सोडायची.

त्याची आई पूर्वी एकदाच आली होती आणि मध्यंतरात कोट घालून निघून गेली होती. गेतां ते हसत सांगायचा, पण तिला पुन्हा बोलवायला त्याला बरीच वर्षं लागली. या वेळी ती गावाहून आदल्या दिवशीच आली, त्याच्याकडेच उतरली.

कार्यक्रमाच्या दुपारी चर्चच्या तळघरात आम्ही सामान लावत होतो. गेतांनं मोठ्या झांजेची पिशवी उघडली आणि तो तसाच उभा राहिला. ती झांज एरवी काळपट, डागाळलेली. तिचा घोगरा, लांबत जाणारा आवाज धरून त्यानं अख्खी नवी रचना बांधली होती. आता तीत त्याचं तोंड दिसत होतं.

"व्हिनेगर आणि मीठ," आई पहिल्या रांगेतून म्हणाली. "काय रे ती अवस्था! बघणारा म्हणेल, याला आई नाही."

गेतांनं काठी मारली. टण्ण!

"आता पोरं दप्तरं घेऊन पळतील," बास वाजवणारा रोझेर पुटपुटला.

"तू गप रे!" गेतां माझ्याजवळ आला. "ह्यूगेट, सांगितलं तर ती आत्ताच बस पकडेल."

"मग नको सांगूस."

"आणि रचना?"

"मेल्या, तुझी रचना बिघडली हे आपल्याशिवाय कुणाला कळणार आहे?"

त्यानं आईकडे पाहिलं. हातमोजे मांडीवर ठेवून ती ताठ बसली होती.

"छान निघाली गं, आई," तो म्हणाला.

कार्यक्रमात घोगऱ्या आवाजाची जागा आली की झांज किणकिणायची. शेवटी गेतांलाच हसू फुटलं. मग तो मुद्दामच तिच्यावर तुटून पडला, मागोमाग आम्ही. इतकं उनाड आम्ही पुन्हा कधी वाजवलं असेल असं वाटत नाही. मध्यंतरात आईनं कोट उचलला, खांद्यांवर ओढला आणि ती बसून राहिली.

संपल्यावर ती पुढे आली. "आवाज फार करता बाई तुम्ही! पण झांज काय चमकत होती! मागच्या बाईंना मी सांगितलं, मीच घासली. बाकीच्या पुढच्या महिन्यात घासते. आहे ना तेव्हा कार्यक्रम?"

गेतांनं आमच्याकडे पाहिलं. पुढच्या महिन्यात काहीही ठरलेलं नव्हतं.

"आहे ना, आई. ये नक्की."

दुसऱ्या दिवशी सकाळी रोझेर आणि मी बर्फ तुडवत हॉल शोधत होतो.