भिकनची जागा

मी एक जुनी काशाची थाळी आहे. जुनी म्हणजे भंगारातली नव्हे हं! माझ्या पोटात मधोमध मेणाचा एक काळा डाग आहे आणि त्या डागापायी माझं सगळं आयुष्य बदललं. तेच आज तुम्हाला सांगते, मित्रांनो.

माझा जन्म नाशिकच्या भांडीबाजारामागे, एका कारागिराच्या हातोडीखाली झाला. लंकाबाईच्या लग्नात तिच्या बापानं मला आंदण दिलं आणि मी कळवणच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका पाड्यावर आले. वाटलं होतं, आता जन्मभर भात आणि उडदाची आमटी. पण लंकाबाईचा नवरा धोंडीराम पडला कथाकरी. पहिल्याच सुगीला त्यानं मला मांडणीवरून उचललं, मधोमध मेण चिकटवलं, त्यात एक लांब काडी उभी केली आणि ओल्या बोटांनी ती वरून खाली ओढली. अगं बाई! माझ्या अंगातून असा घुमणारा सूर निघाला की माझी मलाच ओळख पटेना. लंकाबाई मात्र माहेरची थाळी नासवली म्हणून तेव्हापासून धुसफुसतच राहिली.

मेणसुद्धा धोंडीराम कसंही आणत नसे. माश्या पोळं सोडून गेल्या की मगच हात लावी. भरल्या घरातून आणलेलं मेण म्हणे गाणं धरत नाही.

त्या सुरावर तो कणसरीची कथा गाई. कणसरी म्हणजे धान्याची देवी. नवी नागली, म्हणजे नाचणी, खळ्यात आली की तिच्या राशीपुढे बसून गायचं, डोंगराला, पावसाला, बियाण्याला हात जोडायचे. पण एकट्यानं गायचं नाही. प्रत्येक कडव्याअखेर सोबत्यानं "हां" म्हणायचं, तेव्हाच कणसरी पुढचं पाऊल टाकते. हा "हां" चाळीस वर्षं शेजारच्या भिकननं दिला. आवाज म्हणाल तर फुटक्या मडक्यासारखा, पण वेळ कधी चुकली नाही.

तीन वर्षांपूर्वी भिकन गेला. धोंडीरामानं माझी काडी उपटली आणि मला मांडणीवर पालथं घातलं. पुढे मी तांदळाच्या डब्यावरचं झाकण झाले. झाकण होणं काही वाईट नाही, मित्रांनो, पण एकदा गायलेल्या अंगाला ते फार लागतं.

यंदा सुगीत कळवणजवळच्या कम्युनिटी रेडिओवरची सायली पाड्यावर आली. आसपासच्या गावांची गाणी त्याच गावांना ऐकवायची, हे तिचं काम. कणसरीची कथा आता दुसऱ्या कुणालाच पुरती येत नाही, धोंडीरामबाबांबरोबर ती जाईल, असं ती तळमळून सांगत होती. धोंडीराम नाहीच म्हणाला. सोबती नाही तर कथा नाही. ती पुन्हा आली, तिसऱ्यांदाही आली. शेवटी लंकाबाईच वैतागली. डब्यावरून मला उचलून तिनं नवऱ्याच्या पुढ्यात आपटलं. भिकनभाऊ असते तर तुम्हाला लय बोलले असते, एवढंच म्हणाली.

झालं! आम्ही रेडिओवर गेलो. धोंडीरामानं मूठभर नवी नागली माईकपुढे ठेवली, बोटं ओली केली आणि गायला लागला. प्रत्येक कडव्यानंतर तो थांबे. माझा सूर चालू, तो मात्र गप्प, मान किंचित उजवीकडे, जिथं भिकन बसायचा.

काचेपलीकडे रेकॉर्डिंग करत बसलेल्या शेखरला वाटलं, बाबांना दम लागतोय. भला मुलगा! म्हाताऱ्या माणसाचं हसं होऊ नये म्हणून त्यानं त्या सगळ्या रिकाम्या जागा कापून टाकल्या आणि कथा कशी सलग, गुळगुळीत केली. मग मोठ्या हौसेनं आम्हाला ऐकवली.

ऐकता ऐकता धोंडीरामाचा चेहरा उतरत गेला. त्यानं नागली परत फडक्यात बांधली.

"भिकनची जागा कापली तुम्ही," तो म्हणाला. "ही कथा लावू नका. कणसरी दारातच उभी राहिली."

शेखर बिचारा कावराबावरा झाला. सायलीनं हळूच विचारलं, त्या जागेत तर कुणी बोललेलंच नाही बाबा, मग लोकांना ऐकू काय येणार?

"ते मला बी ठाऊक नाय, पोरी. पण जागा ठेव."

शेखरनं सगळ्या जागा होत्या तशा परत जोडल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला कथा लागली. पाड्यावर घराघरांत मोबाइलवर रेडिओ चालू होता. लंकाबाई भाकरी थापत होती, मी चुलीशेजारी, आणि धोंडीराम उंबऱ्यावर आमच्याकडे पाठ करून बसलेला. पहिलं कडवं संपलं. रिकामी जागा आली. माझा सूर नुसता घुमत राहिला आणि मला धडकीच भरली. कुणी बोललं नाही तर हा माणूस पुन्हा कधी गाणार नाही, हे मला कळत होतं.

"हां," लंकाबाई म्हणाली.

हात पिठात तसेच. चाळीस वर्षं धुसफुसताना तिनं वेळ मात्र अचूक पाठ केली होती! दुसऱ्या कडव्याला पलीकडच्या घरातून भिकनच्या सुनेचा, भागीबाईचा आवाज आला. तिसऱ्याला कोण कोण म्हणालं ते मला सांगता येणार नाही, सगळ्या पाड्यातून आलं ते. धोंडीराम वळला नाही. उपरण्यानं डोळे पुसत राहिला. मला डोळे असते तर मीही रडले असते.

आता माझ्यात काडी परत उभी आहे. तांदळाच्या डब्याला लंकाबाईनं बाजारातून दुसरं झाकण आणलं.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी डाग पडलेली एखादी थाळी असेल, तर तो डाग चिंचेनं घासायच्या आधी कशाचा आहे ते विचारा. आणि कुणी म्हातारं माणूस सांगता सांगता मध्येच थांबलं, तर त्याला दम लागलाय असं समजून उठून जाऊ नका. ती जागा तुमच्यासाठी ठेवलेली असते. "हां" म्हणा.