कोपऱ्यातली लेक

माणसाने आयुष्याचे कप्पे वेगवेगळे ठेवावेत. एकाचा वारा दुसऱ्याला लागला की घराची धर्मशाळा व्हायला वेळ लागत नाही, असं नकाशेवाल्यांचं ठाम मत होतं. ते त्यांनी मांडलं तेव्हा ते हरवलेला चष्मा फ्रिजमध्ये शोधत होते, आणि तो तिथेच सापडला.

जन्मभर लोकांच्या घरांचे नकाशे काढले. निवृत्तीनंतर कॉम्प्युटर आला, तर त्याच्या एकाच पडद्यावरही त्यांनी आलटून पालटून उघडणाऱ्या चार खोल्या पाडल्या. एका डेस्कटॉपवर उरलीसुरली कामं, दुसऱ्यावर बँक, तिसऱ्यावर जुने फोटो. चौथ्यावर पत्त्यांचा खेळ, पण त्याची वाच्यता नव्हती.

दूरच्या शहरातली लेक घरूनच नोकरी करायची. बाबा एकटे पडल्यापासून ती सकाळी व्हिडिओ कॉल लावायची तो संध्याकाळपर्यंत. बोलणं फारसं नाही. ती तिच्या कामात, हे यांच्या.

त्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, उद्यापासून दिवसभर नको हा कॉल. तुमच्या कामात उगाच माझी लुडबुड. रविवारी बोलू निवांत."

"मी तेच म्हणणार होतो," नकाशेवाले म्हणाले. त्यांनी उगाचच चष्मा पुसला. "कॉम्प्युटरही फार हळू चालतो त्याने."

"हळू? स्क्रीन दाखवा बरं."

थाप अंगाशी आली. नकाशेवाल्यांनी स्क्रीन दाखवला. कामाचा डेस्कटॉप, खाली उजव्या कोपऱ्यात लेक. बँक, कोपऱ्यात लेक. फोटोंवरही तीच.

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"बाबा!"

पत्ते उघडे पडले. तिथेही अर्धा डाव झाकून लेक बसलेली.

"मी सगळीकडे कशी?"

"सगळ्या डेस्कटॉपवर दाखवा, असं काहीतरी होतं. चुकून दाबलं गेलं."

"आणि चुकून बरोबर त्याच कोपऱ्यात?"

नकाशे काढायच्या मोठ्या ड्रॉइंग बोर्डाचाही हाच, खालचा उजवा कोपरा एके काळी तिचा होता. स्टुलावर उभी राहून ती तिथे मांजरं काढायची. एक मांजर सरकत सरकत एका गिऱ्हाइकाच्या नकाशातल्या स्वयंपाकघरात गेलं, तेव्हा त्या भल्या माणसाने फक्त एवढंच विचारलं, "हे नगरपालिकेच्या मंजुरीत बसेल ना?" पुढे ती मोठी झाली, कोपरा रिकामा झाला. तरी नकाशेवाल्यांनी तिथे कधी कोपर टेकलं नाही.

लेक नाक ओढत म्हणाली, "कॉम्प्युटर काही हळू चालत नाहीये."

"नाही."

"मग कॉल चालूच ठेवते. रोज."

"तुला त्रास कशाला..."

"पुरे हं आता. फक्त माझं एक ऐकाल?"

"एक काय, शंभर सांग!" नकाशेवाले सरसावून बसले. या घटकेला ते तिच्यासाठी राहतं घरही विकायला तयार होते.

"माइक बंद ठेवत जा. तुम्ही काम करताना गाता ना, तेव्हा साहेब मला मीटिंगमध्ये विचारतात, घरातला पंप बिघडलाय का म्हणून."