मोज्यात रंगलेलं नाणं

बसा हो, खुर्ची ओढा. प्रदर्शनाला निघालाच आहात, तर तिथल्या एका नाण्याची गोष्ट ऐकून जा. हसला नाहीत तर चहा माझ्याकडून.

माझे सासरे चांदीची नाणी जमवायचे. ते गेल्यावर कपाट आवरताना मागच्या कोपऱ्यात एक लोकरीचा मोजा सापडला, अन् त्यात त्यांचं सगळ्यात लाडकं नाणं. बाहेर काढलं तर डोळेच दिपले! कडेला सोनेरी, आत जांभळं, मध्ये मोरपंखी, आणि सगळा रंग बारीक रेघारेघांत.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, हे नाणेसंग्राहक मंडळाच्या प्रदर्शनात लावायचं. खाली ह्यांचं नाव. बास."

मंडळाचा परीक्षक मोठा जाणकार, पण चेहरा कायम एरंडेल प्यायल्यासारखा. त्यानं भिंगातून नाणं पाहिलं आणि मान हलवली. "चांदीवर रंग वर्षानुवर्षं आपोआप चढतो, मान्य. पण इतक्या आखीव रेघा? कुणीतरी जाळी ठेवून गंधकाचा धूर दिलाय. रंग बनावट आहे. नाही लावता येणार."

"म्हणजे आमचे हे लबाड?" सासूबाईंचा आवाज हॉलभर.

"मी नाण्याबद्दल बोलतोय, बाई."

"मग नाणं काय शेजाऱ्याचं आहे?"

मी हळूच म्हटलं, "आई, तो मोजा दाखवा की." तर त्यांनी माझा पाय असा चेचला की डोळ्यांपुढे काजवे! मोजा त्यांच्या पर्समध्येच होता, नाणं त्यातूनच आणलेलं. मग लपवायचं काय?

मागे वळलो आणि समजलं. सासूबाईंच्या नणंदबाई उभ्या! त्यांचा जन्मभराचा एकच टोमणा, वहिनीला विणता येत नाही. वहिनीचंही एकच उत्तर, माझा आजवर एक टाका सुटलेला नाही. आणि तो मोजा सासूबाईंच्या हातचा.

परीक्षकानं नाणं परत सरकवलं. सासूबाईंनी एकदा नाण्याकडे पाहिलं, एकदा नणंदेकडे. मग पर्स उघडून मोजा टेबलावर आपटला.

"घ्या! लावा त्या नाण्याला."

लावला. मोज्याची वीण आणि नाण्यावरच्या रेघा, तंतोतंत. एका जागी मात्र रंगच नव्हता, नुसती पांढरी पट्टी. सासूबाईंनी मोज्यावर नेमकं तिथेच बोट ठेवलं. "इथे माझा टाका सुटलाय. लोकर टेकलीच नाही, तर रंग चढणार कुठून?"

परीक्षक चक्क हसला. "लोकरीत गंधक असतंच. तिनंच सावकाश रंगवलंय. अस्सल आहे हो, बाई!"

"वहिनी, ऐकलं हं मी," नणंदबाई म्हणाल्या. "दादा मला केव्हाच म्हणाला होता, मोजा टोचतो, मी घालतच नाही, पण तिला सांगू नकोस."

"मला तर म्हणायचे, रोज घालतो!"

मग सासूबाई पदर तोंडाला लावून जे हसत सुटल्या! "म्हणजे लबाड होतेच की हो, वन्सं!" दोघी एकमेकींना धरून हसल्या.

परीक्षक म्हणाला, पुरावा म्हणून मोजाही लावू. आता काचेआड नाणं आणि मोजा शेजारी शेजारी, खाली सासऱ्यांचं नाव. सासूबाई समोर खुर्ची टाकून बसतात, नणंदबाई बाजूला, येणाऱ्याजाणाऱ्याला सुटलेला टाका दाखवायला.

नाण्याचं कौतुक कुणीही करेल. तुम्ही माझं एवढं काम करा. आधी मोज्याकडे बघा आणि नणंदबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा, "वा, काय सुरेख वीण आहे!"